स्टार्टअपचा पैसा, सीएची वही आणि मामाचे पाच लाख

आपल्याकडं सीए म्हणलं की लोकांच्या डोक्यात दोनच कामं येतात, रिटर्न भरणं आणि बँकेच्या कर्जाची फाईल करणं. साहजिकच हाय ते. मोंढ्यातली आडत, जिनिंग, दाळ मिल, कृषी सेवा केंद्र, वाळूजला जॉबवर्क करणारं छोटं वर्कशॉप, या सगळ्यांचा हिशोब एकाच चालीचा असतो. माल घेतला, माल विकला, मजुरी दिली, उरलं ते आपलं. वर्षभर मुनीम टॅलीत एन्ट्र्या टाकणार, मार्च संपला की पिशवीभर बिलं घेऊन साहेबांकडं जायचं आणि साहेब झालं-गेलं ते सगळं कागदावर नीट बसवून देणार. पिढ्यानपिढ्या असंच चाललं आणि त्यात फारसं बिघडलं बी नाही.

आता मात्र संभाजीनगर, लातूर, नांदेड, जालन्याची पोरं सॉफ्टवेअर, ॲप, ड्रोन, शेतमालाची ऑनलाइन विक्री, असल्या कंपन्या काढायलेत. स्टार्टअप इंडिया 16 जानेवारी 2016 ला सुरू झालं, इकडं सीएमआयए या संभाजीनगरच्या उद्योजक संघटनेनं मॅजिक नावाचं इनक्युबेशन सेंटर, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्र, उभं केलं, कॉलेजा-कॉलेजात स्टार्टअप सेल निघाले. चांगलंच झालं. पण ही पोरं कंपनी काढतात नवी आणि सीएकडं जातात वडलांच्या सवयीनं. "सर, तुम्ही फक्त नोंदणी करून द्या, बाकी मार्चनंतर बघू." गाडी इथूनच घसरायला लागते.

कामून घसरते ते सांगतो. दुकानात धंदा आधी होतो आणि पैसा नंतर येतो. स्टार्टअपमध्ये उलटं असतं, पैसा आधी येतो आणि धंदा मागून. गुंतवणूकदाराचा पैसा आधी, सरकारी ग्रँट आधी, ग्राहकाचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन आधी. म्हणजे खात्यात जे पडलंय ते अजून तुमचं झालेलंच नसतं, ते कुणाचं तरी असतं आणि त्याला काही ना काही अट असते. त्यामुळं हिशोबनीस नंतर येऊन उपयोग नाही, तो आधी पाहिजे. सीए फर्मचं काम बदलायलंय असं जे सगळीकडं बोलतात त्याच्या मुळाशी मला तरी हेच दिसतं, बाकी एआय, क्लाउड वगैरे सगळं त्याच्या मागून आलेलं.

मामाचे पाच लाख

समजा दोन मित्रांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. एकाचा मामा म्हणला, "भाच्या, चांगलं काम करायलास, घे पाच लाख, बघू पुढं काय ते," आणि कंपनीच्या खात्यात पैसे टाकून दिले. कागद नाही, काही नाही. पोरं खुश, त्यातून दोन लॅपटॉप घेतले, एका डेव्हलपरचा पगार काढला.

आता कायदा पहिला प्रश्न विचारतो की हे पैसे नेमके काय म्हणून आले? कर्ज म्हणून, शेअरसाठी, का बक्षीस? "बघू पुढं" असा रकाना कायद्यात नाही.

कर्ज म्हणलं तर प्रायव्हेट कंपनीला डायरेक्टरकडून आणि त्याच्या नातेवाईकाकडून कर्ज घेता येतं, फक्त देणाऱ्यानं लिहून द्यायचं की हे पैसे मी दुसरीकडून उसने आणलेले नाहीत. मग मामा नातेवाईकच की! तर नाही. कंपनी कायदा 2013 च्या नियमात नातेवाईकांची यादी दिलीय त्यात नवरा-बायको, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य एवढेच येतात. मामा त्यात नाही, काका बी नाही. आणि गंमत बघा, आयकर कायद्यात मामा नातेवाईक आहे, आईचा भाऊ म्हणून तो तिथं स्पष्ट बसतो, त्यानं भाच्याला कितीही रक्कम बक्षीस दिली तरी भाच्याला त्यावर कर लागत नाही. एकच मामा, एका कायद्यात घरचा आणि दुसऱ्यात परका. कंपनीच्या खात्यात परक्याकडून कर्ज म्हणून आलेला पैसा "डिपॉझिट", म्हणजे लोकांकडून घेतलेली ठेव, ठरायची भीती असते आणि डिपॉझिटचे नियम भयंकर कडक हायत.

हेच पैसे मामानं आधी भाच्याला बक्षीस म्हणून दिले असते, साध्या कागदावर का होईना बक्षीसपत्र केलं असतं, आणि मग भाच्यानं ते स्वतःचे म्हणून कंपनीत घातले असते तर विषय मिटला होता. पैसे तेच, माणसं तीच, फक्त रस्ता वेगळा. पण हा रस्ता पैसे यायच्या आधी दाखवावा लागतो, मार्चनंतर नाही, कारण बँकेच्या स्टेटमेंटवर जे छापून आलं ते आलं, कुणी सीए ते पुसू शकत नाही.

शेअर देऊन पैसे घ्यायचे असले तर आणखी बारीक बघावं लागतं. बाहेरच्या माणसाला शेअर द्यायचे म्हणजे प्रायव्हेट प्लेसमेंट, कंपनी कायद्याचं कलम 42. आधी ठराव, मूल्यांकनाचा रिपोर्ट, ऑफरचं पत्र, मग पैसे. पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यायचे, रोख चालत नाही. पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर वाटप झालं पाहिजे, नाही झालं तर पुढच्या 15 दिवसांत परत द्यायचे, तेही नाही जमलं तर 12 टक्के व्याज सुरू. वाटपानंतर 15 दिवसांत पीएएस-3 हा फॉर्म रजिस्ट्रारकडं भरायचा. आणि आपली पोरं हमखास इथं अडकतात बघा: शेअर वाटून हा फॉर्म भरल्याशिवाय त्या पैशाला हात लावता येत नाही. खात्यात चाळीस लाख दिसतेत पण खर्च करायचे नाहीत! दंड केवढा, तर उभ्या केलेल्या रकमेएवढा किंवा दोन कोटी, यातला जो कमी असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. पोरांना वाटतं पैसे आले म्हणजे पार्टी, आणि दोन वर्षांनी मोठा गुंतवणूकदार येतो, त्याची माणसं कागद तपासतात, तारखा जुळवतात आणि विचारतात की वाटप 20 तारखेला, मग 12 तारखेला ऑफिसचं डिपॉझिट कुठून दिलं? भल्या-भल्यांचे सौदे असल्या प्रश्नांपाशी महिनोन्महिने रखडतात. परदेशातल्या माणसानं पैसे टाकले असले तर वरून परकी चलनाचा फेमा कायदा, वाटपापासून 30 दिवसांत एफसी-जीपीआर फॉर्म, तो वेगळाच.

आलेला पैसा म्हणजे कमाई नव्हे

हे समजायला आपल्या बीड-परळीकडं फार लांब जायची गरज नाही. ऊसतोड मुकादम कारखान्याकडून उचल घेतो, टोळीला वाटतो. हातात लाखो रुपये येतात पण ती त्याची कमाई असती का? नाही. जेवढा ऊस तोडला तेवढी उचल फिटली, तेवढीच मजुरी कमावली, बाकी सगळं अंगावर. हंगाम अर्ध्यात सोडला तर ती उचल मागं लागते. सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचं गणित अगदी असंच असतं, फक्त तिथं उचलीला डिफर्ड रेव्हेन्यू म्हणतात.

आकड्यात बघू. एका कंपनीनं दुकानदारांसाठी बिलिंगचं ॲप काढलं, वर्षाचे 12,000 रुपये, जीएसटी वेगळा. 1 जानेवारीला 200 दुकानदारांनी पैसे भरले, झाले 24 लाख. पोरगं वडलांना सांगतं, "बापू, तीन महिन्यांत चोवीस लाखाचा धंदा केला." 31 मार्चला वही बंद करताना सीए म्हणतो, धंदा फक्त सहा लाखाचा. कारण सेवा तीनच महिने दिलीय, उरलेल्या नऊ महिन्यांची सेवा बाकी, म्हणजे 18 लाख हे कंपनीवरचं देणं. पोराला वाटतं सीए आपला धंदा कमी दाखवायलाय. तो कमी दाखवत नाही, जे खरं हाय तेच दाखवायलाय.

आणि वर जीएसटीचा दणका वेगळाच असतो. तिथं असला हप्त्याहप्त्याचा विचार नाही. सेवेचं बिल फाडलं किंवा पैसे आले, यातलं जे आधी त्याच्यावर पूर्ण कर. म्हणजे 24 लाखावर 18 टक्क्यांनी 4 लाख 32 हजार रुपये 20 फेब्रुवारीपर्यंत सरकारला गेले पाहिजेत. हिशोबाच्या वहीत कमाई सहा लाख, जीएसटीच्या रिटर्नमध्ये चोवीस लाख, बँकेत काहीतरी तिसराच आकडा, आणि तिन्ही बरोबर! ज्यानं जन्मभर दुकानाची वही बघितली त्याला हे पचायला जड जातं, आणि खरं सांगायचं तर काही जुन्या सीए मंडळींना सुद्धा जातं, ते सरळ 24 लाख विक्रीत टाकून मोकळे होतात.

दुसरं फसगतीचं ठिकाण म्हणजे मधल्या माणसाचा धंदा. लातूरच्या ॲपवरून शेतकऱ्याची तूर एक लाखाला गिऱ्हाईकाला विकली गेली, ॲपला कमिशन 5,000 मिळालं. ॲपचा धंदा किती? माल स्वतःच्या नावावर घेतलाच नाही, त्याच्या नुकसानीची जोखीम बी घेतली नाही, तर धंदा पाच हजाराचा. आडत्याला हे बरोबर कळतं, तो कधी म्हणत नाही की माझी उलाढाल म्हणजे सगळ्या मोंढ्याची तूर. पण स्टार्टअपच्या स्लाईडवर मात्र एक लाखाचा आकडा ठळक अक्षरात असतो आणि पाच हजाराचा कोपऱ्यात.

हे छोट्या गावातल्या पोरांचंच होतं असं समजू नका. बायजूस या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं उदाहरण सगळ्यांना माहीत हाय. 2020-21 चे हिशोब त्यांनी सप्टेंबर 2022 मध्ये, म्हणजे जवळपास दीड वर्ष उशिरानं जाहीर केले, तोटा 4,588 कोटींचा, आणि कंपनीनं सांगितलेल्या कारणांमध्ये कमाई मोजायची पद्धत बदलली हे एक मोठं कारण होतं. पुढच्या वर्षाचे हिशोब बी रखडले आणि जून 2023 मध्ये डेलॉइटनं ऑडिटर म्हणून राजीनामा दिला. मला यात तोट्यापेक्षा उशीर जास्त महत्त्वाचा वाटतो. तोटा तर स्टार्टअपला होणारच, पैसा टाकणाऱ्याला ते माहीत असतं. पण दीड वर्ष आकडेच बाहेर येत नाहीत म्हणल्यावर आत काय शिजतंय असा संशय येणारच ना.

एन्ट्री मारायचं काम आता मशीनकडं

आता दुसरी बाजू, फर्मच्या आत काय चाललंय ते. पूर्वी सीएच्या ऑफिसात निम्मी माणसं नुसती एन्ट्री मारायला असायची. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला आणि तेव्हापासून सरकारनं एक-एक करून हे काम मशीनकडं ढकललं. समोरच्यानं बिल अपलोड केलं की तुमच्या 2बी मध्ये, म्हणजे खरेदीच्या तयार यादीत, दर महिन्याला आपोआप येतं. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं. आयकराच्या पोर्टलवर 2021 पासून एआयएस, म्हणजे वर्षभराच्या व्यवहारांचं पत्रक, दिसायला लागलं, त्यात बँकेचं व्याज, शेअरचे व्यवहार, मोठ्या खरेद्या, सगळं तुम्ही सांगायच्या आधीच लिहिलेलं. म्हणजे सीएनं सरकारला माहिती द्यायचे दिवस गेले, आता सरकारकडच्या माहितीशी तुमची माहिती जुळती का ते बघायचं काम उरलं. बिलाचा फोटो काढला की त्यातला जीएसटी नंबर, रक्कम, तारीख वाचणारी सॉफ्टवेअर आहेतच, एआय ते आणखी स्वस्त करून ठेवायलंय.

पण या सगळ्यात मोठा बदल मी म्हणीन तो ऑडिट ट्रेलचा, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक कंपनीच्या, हो, अगदी दोन पोरांच्या कंपनीच्या सुद्धा, हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, आधी काय आकडा होता, नंतर काय केला, कधी केला, आणि ही सोय बंद करता येता कामा नये. ऑडिटरला आपल्या रिपोर्टमध्ये लिहावं लागतं की ती वर्षभर चालू होती का नाही. आता विचार करा, आपल्याकडं सप्टेंबरमध्ये बसून मार्चच्या एन्ट्र्या "ठीक" करायची जी जुनी परंपरा हाय तिचं काय होणार? एन्ट्री आजही करता येती, पण ती सप्टेंबरमध्ये केली हे कायमचं दिसतं. चूक दुरुस्त केली असली तर काही बिघडत नाही, पण शंभर एन्ट्र्या एकाच रात्रीत बदललेल्या दिसल्या की कुणीही विचारणारच. त्यामुळं वही महिन्याच्या महिन्याला, खरं तर आठवड्याच्या आठवड्याला लिहावी लागती आणि वर्षातून एकदा भेटणारा सीए तिथं पुरत नाही.

यातूनच व्हर्च्युअल सीएफओ नावाचा प्रकार निघाला. नाव मोठं हाय पण काम साधं. मोठ्या कंपनीत पैशाचा कारभार बघणारा एक पगारी वरिष्ठ माणूस असतो, छोट्या कंपनीला तो परवडत नाही, म्हणून एखादी सीए फर्म महिन्याला ठराविक फी घेऊन तेच काम थोडं-थोडं करते. दर महिन्याला बसून सांगायचं की खात्यात 40 लाख हायत, जमा वजा जाता महिन्याला 4 लाख जळायलेत, म्हणजे दहा महिने पुरतील, आणि नवा गुंतवणूकदार शोधण्यात कित्येक महिने जातात म्हणून शोध आत्ताच सुरू करा, दहाव्या महिन्यात नाही. नवीन दोन माणसं घेतली तर दहाचे आठ होतील, घ्यायची का? परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर थेट तिकडून कार्डावर घेतलं तर रिव्हर्स चार्जनं जीएसटी आपल्याला भरावा लागतो, आणि तसं असलं की 20 लाखाच्या खाली उलाढाल असली तरी नोंदणी चुकत नाही, तेव्हा भारतातून बिल मिळतंय का ते आधी बघा. दुबईच्या गिऱ्हाइकाला सेवा विकायचीय तर जीएसटी शून्य, पण एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, आधी भरून ठेवा आणि दर आर्थिक वर्षाला नवं भरा. वाळूजच्या मोठ्या कंपनीला सेंसर विकलेत आणि ती नव्वद दिवस पैसे देत नाही? तुमच्याकडं उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असली आणि तुम्ही सूक्ष्म किंवा लघु असलात तर ठरलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त 45 दिवसांत, पैसे न दिल्यास त्या कंपनीला तो खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. ही तरतूद 1 एप्रिल 2024 पासून आली, बिलावर उद्यम नंबर छापला की मार्च महिन्यात तिकडचा अकाउंटंट स्वतः फोन करतो. ही सगळी "आधी"ची कामं आहेत, आणि फी द्यावी तर यालाच द्यावी असं माझं स्पष्ट मत हाय.

लिहिणारा, सांगणारा आणि तपासणारा

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यावरून लई गैरसमज होतात. पोरगं म्हणतं, आमचे सीए सर सगळंच बघतात, वही तेच लिहितात, सल्ला तेच देतात आणि ऑडिटची सही बी तेच करतात. दुकानासाठी हे खपून गेलं. कंपनीत खपत नाही. कंपनी कायद्याचं कलम 144 सरळ सांगतं की जो कंपनीचा ऑडिटर आहे त्यानं त्याच कंपनीची वही लिहायची नाही, अंतर्गत ऑडिट करायचं नाही, गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा नाही, व्यवस्थापनाची सेवा द्यायची नाही. कारण उघड हाय, स्वतःच सोडवलेला पेपर स्वतःच तपासायचा म्हणल्यावर मार्क किती पडणार? सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा हिशोबाचा घोटाळा जानेवारी 2009 मध्ये उघडा पडला, त्यानंतर आलेल्या 2013 च्या कायद्यात ऑडिटरवरची बंधनं चांगलीच आवळली.

म्हणजे सीएचे तीन वेगळे अवतार धरून चला. एक वही लिहिणारा किंवा लिहून घेणारा, एक सल्ला देणारा, एक तपासून सही करणारा. पहिले दोन एकाच फर्मकडं असले तर चालतंय. तिसरा मात्र वेगळाच पाहिजे, आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणलं की तिसरा असावाच लागतो, धंदा शून्य असला तरी ऑडिट चुकत नाही. एलएलपीला, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला, मात्र 40 लाखाच्या वर उलाढाल किंवा 25 लाखाच्या वर भांडवल गेलं तरच ऑडिट लागतं, म्हणून ज्यांना बाहेरचा गुंतवणूकदार आणायचाच नाही त्यांनी उगी प्रायव्हेट लिमिटेडच्या मागं लागू नये. नावापुढं प्रा. लि. लावायची हौस वर्षाला फॉर्म, ऑडिट आणि उशिराचे दंड घेऊन येती, वार्षिक फॉर्म चुकला तर एकेका फॉर्मला रोजचे 100 रुपये.

तपासणाऱ्याकडून अपेक्षा काय ठेवावी ते बी बघा. गोमेकॅनिक या गाड्या दुरुस्त करणाऱ्या स्टार्टअपच्या एका संस्थापकानं जानेवारी 2023 मध्ये स्वतः जाहीरपणे कबूल केलं की आमच्या आर्थिक आकड्यांत गंभीर चुका झाल्या, आणि सत्तर टक्के लोकांना कामावरून कमी केलं. आकडे फुगवण्याचा मोह कुठून येतो तर पुढच्या फंडिंगचा दबाव असतो तिथून. त्या वेळी "नाही" म्हणणारा माणूस कंपनीला हवा असतो, आणि जो माणूस फी साठी एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून हाय त्याला नाही म्हणणं अवघड जातं. म्हणून ऑडिटर गावातला, ओळखीचा, भावकीतला असावा हा आपला जो आग्रह असतो ना, तो मला पटत नाही.

योजनांचं थोडक्यात उरकतो. डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग खात्याकडून स्टार्टअप म्हणून मान्यता मिळाली म्हणजे कर माफ झाला असं अर्धं गाव समजतं. ती फक्त ओळख हाय. नफ्यावरच्या कराची तीन वर्षांची सूट वेगळी, तिला वेगळा अर्ज, वेगळं प्रमाणपत्र, ती फक्त प्रायव्हेट लिमिटेड आणि एलएलपीला मिळते आणि 1 एप्रिल 2030 च्या आधी स्थापन झालेल्यांना. पहिल्या दहापैकी सलग कोणती तीन वर्षं घ्यायची ते तुम्ही ठरवायचं, आणि सुरुवातीला तर तोटाच असतो, तेव्हा घाईनं पहिली तीन घेणं म्हणजे सूट वाया घालवणं. लोकं याला 80-आयएसी म्हणतात, 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळं कलमांचे नंबर बदललेत पण बोलण्यात अजून जुनेच चालू हायत. एंजल टॅक्स, म्हणजे शेअर वाजवी किमतीपेक्षा महाग विकला तर वरच्या रकमेवर कंपनीला लागणारा कर, 2012 ला आला होता, तो जुलै 2024 च्या अर्थसंकल्पानं काढून टाकला. पण म्हणून मूल्यांकनाचा रिपोर्ट टाळता येत नाही, कंपनी कायद्यात तो लागतोच, आणि पैसे देणाऱ्याकडं ते आले कुठून हे आयकरवाले आजही विचारू शकतात. केंद्रानं 2021-22 पासून चार वर्षांसाठी आणलेल्या सीड फंड योजनेत कल्पना सिद्ध करायला 20 लाखापर्यंत अनुदान ठेवलं होतं, पण असं अनुदान येतं टप्प्याटप्प्यानं, आणि पुढचा टप्पा पाहिजे असला तर आधीचा पैसा ठरलेल्या कामावरच गेला हे दाखवावं लागतं. अनुदानातून दिवाळीचा बोनस दिला की पुढचा हप्ता अडकला म्हणून समजा.

राहिला प्रश्न आपल्या भागातल्या फर्मचा. अडचण अशी की हे सगळं एकट्या सीएच्या आवाक्यातलं नाही. शेअर वाटपाचे ठराव आणि फॉर्म यात कंपनी सेक्रेटरी लागतो, मूल्यांकनाला रजिस्टर्ड व्हॅल्युअर, करारांना वकील. पुण्या-मुंबईत हे एका बिल्डिंगीत मिळतात, लातूर-नांदेडला जमवावे लागतात. म्हणून इकडच्या काही तरुण सीएंनी एकत्र येऊन, पुण्यातल्या कंपनी सेक्रेटरीशी जोडून घेऊन काम सुरू केलंय, आणि क्लाउडवरच्या हिशोबामुळं बसायची जागा कुठली याला आता तेवढं महत्त्व राहिलं नाही. जुन्या फर्मची खरी पंचाईत आर्टिकलच्या, म्हणजे सीए व्हायला फर्ममध्ये उमेदवारी करणाऱ्या, पोरांची हाय. सीएंची संस्था आयसीएआयनं 2023 पासून आर्टिकलशिप तीनाची दोन वर्षं केली, त्यातलं पहिलं वर्ष एन्ट्र्या मारण्यात घालवलं तर पोरगं शिकणार कधी? आणि एन्ट्र्या मारायच्याच नसल्या तर त्याला पहिल्या दिवसापासून काय द्यायचं, हे बऱ्याच फर्मनी अजून ठरवलेलं नाही.

एक शेवटचं, फीबद्दल, कारण हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. "सर, आत्ता पैसे नाहीत, फी ऐवजी दोन टक्के शेअर देतो." सर ऑडिटर असतील तर अजिबात जमत नाही. कलम 141 प्रमाणं ऑडिटरकडं, त्याच्या पार्टनरकडं कंपनीचा एक शेअर जरी असला तरी तो ऑडिटर राहायला अपात्र ठरतो, नातेवाईकाला तेवढी दर्शनी किंमतीनं एक लाखापर्यंत मुभा हाय. आणि सर नुसते सल्लागार असतील तरी आधी विचारून घ्या की उद्या ऑडिटची सही यांच्याकडूनच घ्यायचा तुमचा विचार तर नाही ना, कारण एकदा शेअर दिले की ते दार बंद. त्यापेक्षा पहिल्या भेटीतच एका कागदावर लिहून घ्यावं की तुम्ही आमची वही बघणार, का सल्ला देणार, का ऑडिट करणार, महिन्याला काय देणार आणि आम्ही कोणत्या तारखेपर्यंत कागद द्यायचे. आपल्याकडं असं लिहून मागितलं की सरांना राग येईल अशी भीती वाटते. तो कागद देणं चांगल्या फर्ममध्ये नेहमीचंच काम असतं, आणि ज्यांना राग येतो त्यांच्याकडं मामाचे पाच लाख घेऊन जाऊ नका.